घरच्या बागेत पाचट, पेंढा, चिपाड, कुटार कसं अंथरायचं: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी सगळं पायरीपायरीने

पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी दोन वाजता गच्चीवरच्या उघड्या कुंडीतल्या मातीत बोट घालून बघा, दोन सेकंद पण ठेववत नाही. आणि शेजारच्याच कुंडीत वर दोन इंच पाचट (उसाची वाळलेली पानं) असेल तर त्याच्या खाली हात घाला, माती गार आणि ओलसर लागते. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा अक्षरशः सगळ्या कुंड्यांमध्ये हात घालत फिरले होते. त्या दिवसापासून आमच्याकडे उघडी माती ठेवायची नाही हा नियम झाला.

माझं माहेर फलटणकडचं, ऊसवालं. ऊस तुटून गेला की पाचट पेटवून द्यायचे, लहानपणी तो धूर बघितलाय. त्या धुरात नत्र (नायट्रोजन) आणि कर्ब (कार्बन) निघून जातो, मागे राखेत थोडं पालाश (पोटॅश) वगैरे राहतं, आणि मग त्याच रानात पोत्यांनी युरिया टाकायचा. आता बाबा पाचट जाळत नाहीत, सरीत कुजवतात, आणि त्यातलीच चार-सहा पोती दरवर्षी माझ्याकडे येतात. पण सुरुवातीची दोन वर्षं मी यात बऱ्याच चुका केल्या, टोमॅटो पिवळे पडले, मुंग्या झाल्या, एक तुळस बुडातून सडली. कुणी नीट क्रमाने सांगितलं असतं तर हे सगळं वाचलं असतं, म्हणून हे लिहितेय.

१. आधी हातात काय आहे ते ओळखा

सगळा "सुका कचरा" सारखा नसतो. ही गोष्ट समजली की निम्मं काम झालं. मी तीन गटांत धरते.

जाड आणि हळू कुजणारं: उसाचं पाचट, भाताचा पेंढा, गव्हाचं काड, ज्वारीचा कडबा, मक्याचं सरमाड. हे वरून झाकायला सगळ्यात उत्तम. यात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी, त्यामुळे पाचट साधारण आठ-दहा महिने ते वर्षभर टिकतं, पेंढा त्याच्या आधी बसतो. भाताच्या पेंढ्यात सिलिका असते आणि पालाश पण चांगलं असतं.

बारीक आणि लवकर कुजणारं: सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा), हरभऱ्याचं आणि तुरीचं भुसकट, भुईमुगाचा वाळलेला पाला. ही द्विदल पिकं असल्यामुळे त्यांच्यात नत्र जास्त असतं, दोन-तीन महिन्यांत मातीत मिसळून जातं. म्हणजे झाकण म्हणून कमी पण खत म्हणून जास्त. सोयाबीनचं कुटार वाऱ्याने उडतं आणि अंगाला प्रचंड खाजतं, ते लक्षात ठेवा.

बाकीचं: शेंगांची टरफलं (कुंड्यांना दिसायला पण छान, आणि उडत नाहीत), राईस मिलमधलं भाताचं तूस (हलकं, कुजायला फार वेळ लावतं), नारळाचं सोडण, आणि रसवंतीचं चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा). शहरातल्या माणसाला सगळ्यात सहज मिळणारं हेच शेवटचं. कोल्हापूरच्या प्रा. श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवारामुळे चिपाड आणि पालापाचोळा वापरून कमी मातीत भाजी करायची कल्पना कितीतरी घरांच्या गच्चीवर पोचली, त्यामुळे हे काही नवीन खूळ नाहीये.

एक गोष्ट मात्र घरी आणूच नका, ती म्हणजे कपाशीच्या पराट्या (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं). वाळलेल्या बोंडांमध्ये गुलाबी बोंडअळी दडून राहते. आपल्या गावाकडच्या शेताजवळ तर नाहीच नाही. वाळवून साठवणं वगैरे काही करू नका, त्या वाटेला जायचंच नाही.

२. कधी आणि कुठून आणायचं

मळणीच्या वेळी जा, फुकट किंवा नुसत्या वाहतुकीच्या खर्चात मिळतं. नंतर गेलात तर जनावरांच्या चाऱ्याच्या भावाने घ्यावं लागतं, आणि खरं सांगायचं तर जनावराच्या तोंडचा कडबा बागेत टाकणं मला पटत नाही. म्हणून पाचट, पावसात भिजून काळा पडलेला पेंढा, कुटारातला खालचा चाळ, असं जे गोठ्यात चालणार नाही तेच मी मागते.

सोयाबीन साधारण ऑक्टोबरात. भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पुण्याजवळ मावळ, मुळशी, भोरकडे. ऊस दिवाळीच्या आसपासपासून मार्च-एप्रिलपर्यंत, दौंड, शिरूर, बारामती कुठल्याही बाजूला. हरभरा, गहू फेब्रुवारी-मार्चमध्ये. हार्वेस्टरने तोडलेल्या उसाचं पाचट मिळालं तर सोडू नका, त्याचे आयते तुकडे झालेले असतात आणि तुमची कोयत्याची मेहनत वाचते.

गाव जवळ नसेल तर रसवंतीवाल्या दादांना सकाळी जाऊन विचारा. संध्याकाळी गर्दी असते, ते वैतागतात. आपली गोणी आपण न्यायची, त्यांच्यासमोर भरायची, आणि त्यांच्या गाड्यापाशी सांडलेलं उचलून यायचं. मला गेली तीन वर्षं एकाच ठिकाणाहून मिळतंय ते एवढ्यामुळेच.

३. घेण्याआधी हे विचाराच

हा सगळ्यात दुर्लक्ष होणारा भाग आहे आणि नुकसान पण इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न: रानात तणनाशक मारलं होतं का, कधी आणि कोणतं? ऊस, गहू, ज्वारी, मका या पिकांत रुंद पानाच्या तणासाठी टू-फोर-डी मारतात. उसाला, गव्हाला ते काही करत नाही पण टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, घेवडा ही सगळी रुंद पानाचीच झाडं आहेत. मारून बरेच महिने झाले असतील तर सहसा त्रास होत नाही, पण मालक "माहीत नाही" म्हणाला तर सरळ टेस्ट करा. मी एका वर्षी ओळखीतून आलेलं काड न विचारता टाकलं आणि आठवड्याभरात टोमॅटोचे शेंडे पिळल्यासारखे झाले, नवीन पानं निमुळती होऊन द्रोणासारखी वळली. आधी मला वाटलं व्हायरस, पण पांढऱ्या माशीचा व्हायरस एकेका झाडाला लागत जातो, इथे सहाच्या सहा झाडं एकदम आणि ज्या वाफ्यात काड टाकलं होतं तेवढीच.

टेस्ट अशी करायची: सहा कागदी ग्लास घ्या, सगळ्यात एकच माती. तीन ग्लासांत वरून ते काड बारीक करून चांगलं जाड टाका, तीन तसेच ठेवा. सगळ्यांत घेवडा किंवा टोमॅटोचं बी लावा. पाणी द्या. काडावरून पाणी पडलं पाहिजे म्हणजे जे काही असेल ते खाली उतरेल. दोन ते तीन आठवडे थांबा. दोन्हीकडची रोपं सारखी आली तर माल घ्या. काडवाल्या ग्लासातली पानं वाकडी आली तर तो माल निदान या वर्षी भाजीत नाही.

दुसरा प्रश्न: त्या रानात गाजर गवत होतं का? म्हणजे आपलं काँग्रेस गवत. त्याचं बी इतकं बारीक आणि हलकं असतं की कुटारात दिसत पण नाही. १९५५ च्या सुमारास या गवताकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते पुण्यातच, आणि आज कुठे नाही असं नाही. बी धरलेलं गवत मालात दिसलं तर ती गोणी नको म्हणा.

तिसरा: माल कोरडा आहे का? हात आत खोल घाला. आतून गरम किंवा कुबट लागला तर तो आत कुजायला लागलाय. असा घेतलात तर घरी आणल्यावर लगेच पसरून वाळवा, त्याची पांढरी-हिरवी बुरशी नाकातोंडात जाऊ देऊ नका.

४. काय काय सामान लागेल

- कोयता किंवा सिकेटर (छाटणीची कात्री), आणि खाली ठेवायला लाकडाचा ओंडका
- पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, हातमोजे, मास्क. पाचटाच्या पानाची कड ब्लेडसारखी कापते आणि त्याची कूस, म्हणजे बारीक काट्यांसारखी लव, अंगात शिरते
- मोठं टब किंवा अर्धा ड्रम, भिजवायला
- दोन-तीन गोणपाटं
- झारी
- शेण, किंवा शेंगदाण्याची पेंड, किंवा जीवामृत, म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ घालून मुरवलेलं पाणी (का ते पुढे सांगते)

कागदपत्रं काही लागत नाहीत, पण सोसायटीच्या गच्चीवर करणार असाल तर आधी कमिटीला सांगा, आणि गोण्या जिन्यात अजिबात ठेवू नका. सुकं काड म्हणजे पेटायची वस्तू आहे. दिवाळीच्या आठवड्यात तर माझा उरलेला सगळा साठा मी खाली पत्र्याच्या पिंपात झाकण लावून ठेवते आणि कुंड्यांवरचं आच्छादन रोज संध्याकाळी झारीने ओलं करते, रॉकेट कुठून येईल सांगता येत नाही.

५. माल तयार करणं

पाचट आणि कडबा: चार ते सहा इंचाचे तुकडे. जमिनीतल्या वाफ्याला लांब चालतात पण कुंडीला तुकडेच हवेत, नाहीतर कडेने बाहेर लोंबतात आणि वाऱ्याने सगळं उठून येतं.

चिपाड: रसवंतीतून आणलेलं थेट टाकायचं नाही. त्यात साखर उरलेली असते, त्यावर मुंग्या, माश्या आणि चिलटं येतात आणि दोन दिवसांत आंबूस वास सुटतो. टबात पाण्यात एक रात्र बुडवा, ते पाणी झाडाबुडी न घालता कंपोस्टच्या ढिगावर ओता, परत एकदा खळबळून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मग वापरा. चिपाडाचे लांब धागे कोयत्याने तोडून घेतले तर अंथरायला सोपे जातात.

नारळाचं सोडण: समुद्राकाठचं असेल किंवा खाऱ्या पाण्यात मुरवलेलं असेल तर क्षार असतात, दोन-तीन पाण्यांत धुवून घ्या.

पेंढा, काड: अंथरायच्या आधी अर्धा तास भिजवून निथळून घ्या. कोरडं टाकलं तर पहिल्या वाऱ्याला शेजारच्यांच्या गच्चीत जातं, आणि कोरडं काड पहिलं पाणी स्वतःच पिऊन टाकतं.

६. अंथरायचं कसं

आधी तण काढा, मग मातीला भरपूर पाणी द्या, आणि मगच अंथरा. कोरड्या मातीवर झाकलंत तर कोरडेपणा पण झाकून राहतो.

जाडी: पाचट, पेंढा, काड तीन इंच. कुटार, तूस असं बारीक असेल तर एक ते दीड इंच, त्याहून जाड टाकलं की ते चिकटून पापडासारखं बसतं आणि हवा आणि पाणी दोन्ही अडवतं. कुंडीत दोन इंच पुरे.

माल किती लागतो याचा अंदाज सगळ्यांचा चुकतो. १० फूट बाय ४ फुटांच्या वाफ्याला ३ इंच थर म्हणजे १० घनफूट, साधारण २८० लिटर, म्हणजे २० लिटरच्या चौदा बादल्या. १४ इंची कुंडीला दोन इंचांसाठी ५ लिटर. आणि महिन्याभरात तो थर निम्मा बसतो, तेव्हा थोडा साठा बाजूला ठेवाच.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं: खोडाला टेकवायचं नाही. खोडाभोवती दोन-तीन बोटं जागा मोकळी, पपई, लिंबू, कढीपत्ता अशा झाडांना चांगली वीतभर मोकळी. माझी तुळस याच्यामुळेच गेली, मी मायेने तिच्या बुडाशी कुटार दाबून बसवलं होतं, पावसाळ्यात खोडाची साल काळी पडून सुटून आली आणि वरून शेवटपर्यंत कळलं नाही.

बी पेरलेल्या जागी लगेच जाड थर नको. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्यावर फक्त माती दिसेल न दिसेल इतकं विरळ काड, आणि उगवलं की ते पण ओळींच्या मध्ये सरकवायचं. रोपं चार-पाच इंच झाली की मग पूर्ण थर. लसूण याला अपवाद आहे, पाकळ्या लावून वरून दोन इंच पेंढा टाकला तरी कोंब आरामात वर येतात.

मातीत मिसळू नका. हा सगळ्यात मोठा सापळा आहे. अंथरायचं म्हणजे वरच ठेवायचं.

७. पिवळी पडायला लागली तर

मातीतले जिवाणू पाचट खायला लागले की त्यांना नत्र लागतं, पाचटात ते फारच कमी असतं, म्हणून ते मातीतलं उचलतात आणि तेवढे दिवस झाडाला कमी पडतं. काड वर ठेवलं तर ही ओढाताण फक्त वरच्या पातळ थरात होते. खणून मिसळलं तर मुळाशीच होते. मी पहिल्या वर्षी तूस आणि चिपाड मातीत कालवून कुंड्या भरल्या होत्या, टोमॅटोची खालची पानं एकेक करून पिवळी, वाढ ठप्प, आणि मी वर आणखी पाणी घालत बसले.

उपाय सोपा आहे. आच्छादन अंथरायच्या आधी मातीवर मूठ-दोन मूठ चांगलं मुरलेलं शेणखत किंवा थोडी पेंड, मग वरून काड. आणि दर पंधरा दिवसांनी जीवामृत. नैसर्गिक शेतीवाल्या सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत जीवामृत आणि आच्छादन जोडीनेच येतात ते उगाच नाही. त्यांचं प्रमाण एकरासाठी २०० लिटरचं आहे, घरासाठी मी असं करते: १० लिटर पाणी, अर्धा किलो ताजं देशी गाईचं शेण, अर्धा लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम गूळ, ५० ग्रॅम बेसन, आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत, वर गोणपाट, दिवसातून दोनदा काठीने ढवळायचं, दोन दिवसांनी तयार. कुंड्यांना दहापट पाण्यात पातळ करून. गोमूत्र, शेण मिळत नसेल तर शेंगदाण्याची पेंड दोन दिवस भिजवून पातळ करून दिली तरी काम होतं, फक्त वासाची तयारी ठेवा.

८. पाणी देण्याची सवय बदला

आच्छादन वरून कायम सुकलेलं दिसतं. ते बघून रोज पाणी घातलं की खाली चिखल होतो आणि मुळं गुदमरतात. पाळेकर ज्याला वाफसा म्हणतात तो शब्द शेतकऱ्यांच्या तोंडचाच आहे: मातीत ओल पण आहे आणि हवा पण आहे अशी स्थिती. तो आहे की नाही हे वरून दिसत नाही, काड बाजूला करा, बोट दुसऱ्या पेरापर्यंत घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. माझ्याकडे मे महिन्यात गच्चीवर दिवसातून दोनदा द्यावं लागायचं ते एकदावर आलं, आणि खालच्या वाफ्याला तीन दिवसांनी. तुमचं ऊन, तुमची माती वेगळी असेल, तेव्हा माझा आकडा धरून चालू नका, बोटावरच विश्वास ठेवा.

ठिबकची नळी असेल तर ती काडाच्या खालून घ्या.

९. पावसाळ्यात वेगळं वागायचं

जूनमध्ये थर पातळ करा, एक इंच ठेवा, पण पूर्ण काढू नका. कारण पावसाचे थेंब उघड्या मातीवर आपटून चिखल उडतो, तो टोमॅटोच्या खालच्या पानांवर बसतो आणि करपा (पानांवर डाग पडून ती वाळतात तो रोग) तिथूनच चढतो. पातळ थर तेवढं थांबवतो.

गोगलगायी याच वेळी येतात. ओलं काड म्हणजे त्यांचं घर. संध्याकाळी वाफ्यात ओलं गोणपाट टाकून ठेवा, सकाळी उचला, खाली चिकटलेल्या असतात, हातमोजे घालून गोळा करून मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यात नाही, बादलीत. हे जूनच्या पहिल्या पावसापासूनच सुरू करा, अंडी घालायच्या आत.

१०. घाबरायचं कशाला नाही आणि कशाला घाबरायचं

छत्र्या उगवतील, पेंढ्यावर तर हमखास. त्या काड कुजवायचंच काम करतायत, झाडाला काही होत नाही. खायच्या मात्र नाहीत, घरात लहान मुलं असतील तर उपटून टाका. खाली पांढरे धागे दिसतील, ती पण सहसा चांगलीच बुरशी. गव्हाचे, ज्वारीचे कोंब येतील, ओढून तिथेच आडवे टाका. काळे-तांबडे वळवळणारे पैसा किडे (मिलिपीड) दिसतील, ते कुजकं खातात, फक्त कोवळ्या रोपांपाशी फार झाले तर काड थोडं मागे सरकवा.

वाळवी दिसली तर बघा ती काडातच आहे की खोडावर मातीचे पट्टे चढवतेय. काडातच असेल तर ओल टिकवून ठेवा, वाळवीला सुकलेलं काड जास्त आवडतं. खोडावर चढत असेल तर तिथलं आच्छादन लगेच काढा. आणि काडाखाली उंदराचं बीळ दिसलं तर थर पातळ करा, जाड आणि कोरडा थर त्यांना फार आवडतो.

११. पुढे काय

पाचट कुजलं की काढायचं नाही, त्यावरच नवीन टाकायचं. मी ऑक्टोबरमध्ये कुटार टाकते, कारण थंडीतल्या भाज्यांना ते लवकर खत होऊन मिळतं, आणि फेब्रुवारीत त्यावर पाचटाचा जाड थर देते, तो उन्हाळा काढतो. मागच्या महिन्यात वांग्याच्या वाफ्यात पाचट उचललं तर मधला थर कॉफीच्या चोथ्यासारखा झाला होता, त्यात गांडुळांची विष्ठा, आणि वांग्याची बारीक पांढरी मुळं मातीतून वर त्या चोथ्यात आलेली. ती दिसली की तिथे खुरपं चालवू नका, हाताने काड परत होतं तसं झाकून टाका.